चहाचे मळे आणि थकलेली माती

— एस. वाय. बी. ए. (भूगोल)

आमच्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडबाहेर माझ्या वडिलांची चहाची टपरी आहे. माझी कॉलेजची फी, पुस्तके, एस.टी.चा पास हे सारे त्या टपरीवरच्या पातेल्यातून आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मी काय शिकतो हे बाबा रोज रात्री विचारतात आणि मलाही सांगावे लागते.

गेल्या वर्षी भूगोलाच्या पेपरात चहाच्या लागवडीला लागणाऱ्या भौगोलिक परिस्थितीवर प्रश्न होता. मी लिहिले, ‘उष्ण व दमट हवा, भरपूर पाऊस, पाण्याचा निचरा होणारी उताराची व आम्लधर्मी जमीन.’ पूर्ण गुण मिळाले. घरी येऊन बाबांना हे उत्तर वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अरे, पण त्याच जमिनीतनं शंभर-शंभर वर्षं पाला खुडतात ना? मग ती जमीन दमत नाही होय?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुस्तकात ‘आम्लधर्मी जमीन’ एवढेच होते. ती जमीन शंभर वर्षांनंतर कशी असते हे त्यात नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे. मी आसाम किंवा दार्जिलिंग पाहिलेले नाही. ग्रंथालयात वाचले, सरांना विचारले, आणि आमच्या वाडीतल्या जांभ्याच्या मातीशी ताडून पाहिले, एवढीच माझी सामग्री. मित्रहो, काही चुकले असेल तर ते माझ्या समजुतीचे समजावे.

मळे आले कोठून?

आसामच्या जंगलात चहाची झाडे मुळातच होती. तेथील सिंगफो लोक त्यांचा पाला वापरीत. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश गृहस्थाला १८२३ साली या झाडांची माहिती मिळाली. १८३९ साली आसाम कंपनी स्थापन झाली. दार्जिलिंगला डॉ. कॅम्पबेल यांनी १८४१ साली बी लावून पाहिले आणि पुढील दशकात तेथे व्यापारी मळे उभे राहू लागले. दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरांतही एकोणिसाव्या शतकातच लागवड झाली.

हे मळे बहुतेक ठिकाणी जंगल तोडून केलेले आहेत. जंगलात पाने गळतात, कुजतात आणि पुन्हा मुळांना मिळतात. शेकडो वर्षे असे चालल्याने तेथील मातीत कुजलेल्या पाल्याचा म्हणजे सेंद्रिय द्रव्याचा मोठा साठा होता. पहिल्या मळेवाल्यांना ही ठेव फुकट मिळाली. पुढची कहाणी ही ठेव हळूहळू कशी संपत गेली याची आहे.

येथे एक शंका मनात येते. कोकणातही पाऊस भरपूर, उतार भरपूर, आणि जांभ्याची जमीन आम्लधर्मी. मग आपल्याकडे चहाचे मळे का नाहीत? सरांनी याचे उत्तर दिले ते असे : आपला पाऊस चार महिन्यांत संपतो आणि पुढचे सात-आठ महिने जमीन कोरडी राहते. आसामात मार्च-एप्रिलपासूनच वळवाच्या सरी येऊ लागतात. निलगिरीला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा लाभ होतो. चहाच्या झाडाला वर्षभर थोडी-थोडी ओल लागते. नुसते आकडे सारखे असून भागत नाही, तो पाऊस कधी पडतो हेही पाहावे लागते.

मातीचा आंबटपणा

मातीचा आंबटपणा ‘सामू’ या मापाने मोजतात. ७ हा मध्य. त्याच्या खाली आम्लता आणि वर अल्कता. या मापात एक अंक खाली जाणे म्हणजे आम्लता दहापट वाढणे. म्हणून ५ सामूची माती आणि ४ सामूची माती यांत दिसायला एकाच अंकाचा फरक असला तरी प्रत्यक्षात तो फार मोठा आहे.

चहाला साधारण ४.५ ते ५.५ सामूची माती मानवते. इतक्या आंबट मातीत पुष्कळशी पिके तग धरत नाहीत, कारण अशा मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना इजा करते. चहाचे झाड मात्र ते ॲल्युमिनियम शोषून जुन्या पानांत साठवून ठेवते आणि खुशाल वाढते. हा त्याचा जन्मजात गुण आहे.

परंतु जे मानवते ते कितीही वाढले तरी चालते असे नाही. सामू ४ च्या आसपास घसरला की पावसाच्या पाण्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाश निघून जातात. स्फुरद ॲल्युमिनियम व लोह यांना चिकटून बसते आणि मुळांच्या कामी येत नाही. पाला कुजवणारे जीवाणू व गांडुळे कमी होतात. म्हणजे ताटात अन्न आहे पण ते खाता येत नाही, अशी झाडाची अवस्था होते.

ही आम्लता वाढते कशाने? एक कारण पाऊस. दुसरे कारण चहाचे झाड स्वतःच, कारण त्याची मुळे अन्न घेताना आम्ल बाहेर टाकतात. आणि तिसरे, आपण घालतो ते खत. अमोनियम सल्फेट किंवा युरिया मातीत घातला की जीवाणू त्यातील अमोनियमचे नायट्रेट करतात आणि या क्रियेत आम्ल तयार होते. झाडाने न घेतलेले नायट्रेट पावसाने वाहून जाताना कॅल्शियम व मॅग्नेशियम सोबत घेऊन जाते. अशा रीतीने पीक वाढावे म्हणून दिलेले खतच दरवर्षी मातीला थोडे-थोडे आंबट करीत जाते.

नत्राचा हिशेब

खत द्यावेच लागते, कारण चहा हे पानाचे पीक आहे. भाताचा दाणा आपण घेतो आणि पेंढा गुरांमार्फत शेणखत होऊन बराचसा शेतात परत जातो. चहात मात्र झाडाचा सर्वांत कोवळा आणि सर्वांत पौष्टिक भाग, म्हणजे दोन पाने व एक कोंब, वर्षातून अनेकदा खुडून मळ्याबाहेर जातो.

तयार चहात साधारण ४ टक्के नत्र असते. एका हेक्टरात २००० किलो चहा झाला, तर त्यासोबत सुमारे ८० किलो नत्र जमिनीतून निघून जाते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या थोडे वर नत्र असते. म्हणजे दर हेक्टरामागे दर वर्षी जवळजवळ चार गोण्यांतले नत्र निघून जाते. हे कोठून तरी भरून काढले पाहिजे.

मी हाच हिशेब आमच्या टपरीला लावून पाहिला. आमच्याकडे रोज साधारण अर्धा किलो पावडर लागते. वर्षाला ती १८० किलोच्या आसपास होते. एक किलो चहा तयार व्हायला सुमारे साडेचार किलो हिरवा पाला लागतो. म्हणजे आमच्या एका टपरीसाठी वर्षाला ८०० किलो पाला खुडावा लागतो. आसामात एक बाई दिवसाला २० ते २५ किलो पाला खुडते. एका बाईची महिनाभराहून थोडी अधिक मेहनत आणि सात किलोच्या वर नत्र, एवढे दरवर्षी आमच्या पातेल्यात उतरते. त्यातले बरेचसे नत्र चोथ्यात राहते आणि तो चोथा संध्याकाळी गटारात जातो. स्टँडवर आमच्यासारख्या चार टपऱ्या आहेत. देशात किती असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आजार दिसत का नाही?

एकूण उत्पादन पाहिले तर मळे आजारी आहेत असे वाटणार नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला ३० कोटी किलोहून कमी चहा होई. अलीकडे तो १३० ते १४० कोटी किलो होतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक एकट्या आसामचा असतो. मग मातीचे रडगाणे कशाला, असे कोणी विचारील.

परंतु ही बेरीज फसवी आहे. या वाढीमागे अनेक गोष्टी आहेत. जोरहाटजवळील टोकलाई येथे १९११ साली चहाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथून १९४९ पासून निवडक झाडांच्या कलमी जाती मिळू लागल्या. खताचा वापर वाढला. आणि अलीकडच्या दशकांत लक्षावधी लहान शेतकऱ्यांनी आपल्या नव्या जमिनीत चहा लावला. आज देशातील निम्म्याच्या आसपास पाला या लहान बागायतदारांकडून येतो. जुन्या मळ्याची जमीन थकली तरी नव्या जमिनीचे पीक ती उणीव झाकून टाकते.

जुन्या मळ्यात खरे चित्र दिसते. शंभर वर्षे एकच पीक घेतल्याने सेंद्रिय कर्ब कमी झालेला असतो. चहाची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात आणि धूपही याच थराची होते. सपाट आसामात दुसरे संकट निचऱ्याचे. भूजल जमिनीपासून ९० सेंटिमीटरच्या वर आले की मुळे गुदमरतात. म्हणून मळ्यात खोल चर काढलेले असतात. ते बुजले की झाड भर पाण्यात सुकल्यासारखे दिसते. मेलेल्या झाडाची मुळे जमिनीत तशीच राहिली तर त्यांवरची मुळकुजीची बुरशी शेजारच्या झाडाला लागते.

अशक्त माणसाला जसा कोणताही ताप लवकर पकडतो, तशी अशक्त झुडपांची गत होते. लाल कोळी आणि चहाचा ढेकण्या हे दोन शत्रू प्रसिद्ध आहेत. यातील ढेकण्या आपल्या ओळखीचा आहे. कोकणात काजूचा मोहोर जाळणारा ढेकण्या याच्याच कुळातला आणि इंग्रजीत त्याला ‘टी मॉस्किटो’, म्हणजे चहाचा डास, असेच म्हणतात. आमच्या काकांच्या काजूवर तो आला की काका कपाळाला हात लावतात. चहाच्या कोवळ्या कोंबावर तो आला की खुडायचे पीकच काळे पडते. मग फवारणी वाढते, खर्च वाढतो, आणि मातीवर खर्च करायला पैसा उरत नाही.

दार्जिलिंगची म्हातारी झुडपे

या सगळ्याचे टोक दार्जिलिंगला पाहायला मिळते. तेथे ८७ मळे. भारतात भौगोलिक निर्देशनाचा मान सर्वांत आधी मिळाला तो २००४ साली दार्जिलिंग चहाला. जगात नाव, लिलावात भाव. पण पूर्वी वर्षाला एक कोटी किलोहून अधिक होणारे उत्पादन अलीकडे ६० लाख किलोच्या आसपास आले आहे. हेक्टरी उतारा तर आसामच्या निम्म्याहूनही कमी.

याचा सारा दोष मातीला देणे बरोबर होणार नाही. २०१७ साली तेथे शंभराहून अधिक दिवस बंद होता आणि ऐन हंगामाचा पाला झाडावरच राहिला. हिवाळ्यातला पाऊस बेभरवशाचा झाला आहे. मजूर मळा सोडून शहराकडे जात आहेत. परंतु पुष्कळ झुडपे इंग्रजांच्या काळातली आहेत. चहाचे झाड शंभर वर्षे जगते खरे, पण चांगले पीक देण्याचा त्याचा काळ साधारण ४०-५० वर्षांचा. जुने झाड काढावे तर उभ्या उतारावरची माती उघडी पडून पावसात दरडीबरोबर खाली जाण्याची भीती. शिवाय नवे रोप पिकाला येईपर्यंत चार-पाच वर्षे उत्पन्न नाही. म्हणून झाड काढवत नाही आणि ठेवूनही परवडत नाही. केंद्र सरकारने २००७ साली जुनी झुडपे काढून नवी लावण्यासाठी खास निधीची योजना सुरू केली होती. परंतु ज्या मळ्याला आजचा पगार भागवणे कठीण, तो पाच वर्षे थांबणार कसा?

फांद्या चुलीत की मातीत?

वाचताना मला सर्वांत विचार करायला लावले ते छाटणीच्या प्रकरणाने. चहाचे झुडूप कमरेइतके ठेवण्यासाठी ठरावीक वर्षांनी त्याची छाटणी करतात. या छाटणीत हेक्टरी कित्येक टन फांद्या व पाने निघतात. ती झुडपाखाली तशीच टाकली, तर कुजून मातीला सेंद्रिय द्रव्य मिळते, ओल टिकते आणि धूप थांबते. मातीला परत देण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही. परंतु पुष्कळदा या फांद्या मजुरांच्या घरी सरपण म्हणून जातात.

प्रथम मला वाटले, हे मजुरांचे अज्ञान. मग आईची आठवण झाली. आमच्याकडे काजूखालचा पातेरा आई दरवर्षी झाडून आणते. कृषी खात्याचे लोक सांगून गेले, की पातेरा आळ्यात राहू द्या, तेच खत. आईला ते कळत नव्हते असे नाही. पण गॅसची टाकी महिनाअखेरीस संपते आणि अंघोळीचे पाणी तर रोज तापवायचे असते. माती उपाशी राहिली तर दहा वर्षांनी कळते. चूल पेटली नाही तर त्याच सकाळी कळते.

मळ्यातील मजुरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, ओरिसा वगैरे भागांतून आणलेले. १९५१ साली झालेल्या मळे कामगार कायद्याने त्यांना घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर देणे मालकांवर बंधनकारक केले होते. आसामात १ ऑक्टोबर २०२३ पासून रोजची मजुरी ब्रह्मपुत्रा खोऱ्यात २५० रुपये आणि बराक खोऱ्यात २२८ रुपये करण्यात आली. पाला खुडणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आसामातील १५ ते ४९ वयाच्या जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हा आकडा सबंध राज्याचा आहे, फक्त मळ्यांचा नाही. तरी मळ्यांतील बायांची स्थिती याहून बरी असेल असे मानायला जागा नाही.

तेव्हा मला असे वाटू लागले, की मळ्यातील मातीचा अशक्तपणा आणि माणसांचा अशक्तपणा हे दोन निराळे धडे नाहीत. मातीत कस नाही म्हणून पीक कमी, पीक कमी म्हणून मालक हात आखडता घेतो, मजुरी तुटपुंजी म्हणून फांद्या चुलीत जातात, आणि फांद्या चुलीत जातात म्हणून माती आणखी निकस होते. हे चक्र कोठे तरी तोडले पाहिजे.

उपाय कोणते?

उपाय अज्ञात नाहीत. जुनी झुडपे उपटल्यावर लगेच नवी न लावता दीड-दोन वर्षे तेथे ग्वाटेमाला गवतासारखे गवत वाढवतात आणि कापून तेथेच पसरतात. त्याने मातीचा पोत सुधारतो व रोगट मुळांचा नायनाट होतो. शिरिषाच्या जातीची द्विदल झाडे सावलीसाठी लावतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळते आणि पाला गळून खत होते. सामू फार घसरला तर डोलोमाइट चुनखडी देतात. माती तपासून, थोडे-थोडे करून, पावसाचा जोर पाहून खत देतात. चर साफ ठेवतात. आणि छाटणीच्या फांद्या जागेवरच ठेवतात.

यातील शेवटचा उपाय सर्वांत सोपा वाटतो, पण तो मजुराच्या घरी परवडेल असे जळण पोहोचल्याशिवाय होणार नाही. मळ्यात सरपणाची झाडे वेगळी लावणे किंवा गॅसचा खर्च मजुरीत धरणे हा मातीसाठीच केलेला खर्च होय, असे माझे मत आहे. भूगोलाच्या पुस्तकात तो मजुरांच्या प्रश्नाखाली येतो. मी तो ‘मृदा’ या प्रकरणात लिहीन.

समारोप

हा लेख लिहून झाल्यावर मी तो बाबांना वाचून दाखवला. सामू आणि नायट्रेट येथे ते थोडे कंटाळले. टपरीचा हिशेब आला तेव्हा त्यांनी चष्मा लावून वही स्वतःकडे घेतली आणि बोटावर आकडे मोजून पाहिले. ८०० किलो पाला आणि एका बाईचा एक महिना, यावर ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “म्हणजे दमते तर.”

दुसऱ्या दिवसापासून टपरीचा चोथा गटारात जात नाही. दूध-साखरेने मुंग्या लागतात म्हणून आई तो धुऊन घेते आणि परसातल्या माडाच्या आळ्यात घालते. याने आसामच्या मातीचे काही भरून निघत नाही, हे मला कळते. आसामचे नत्र आमच्या माडाला मिळाले एवढेच. पण परीक्षेत एका ओळीत संपलेली ‘आम्लधर्मी जमीन’ आता मला रोज दिसते. कॅन्टीनमधला कप उचलताना आपल्यापैकी एखाद्याला जरी ती दिसली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.